मालक झालेला नट

नटाचा धंदा मोठा परावलंबी. कवीला कागद पुरतो, चित्रकाराला भिंत पुरते, गवयाला ऐकणारा कोणी नसला तरी पहाटे उठून तंबोरा जुळवता येतो. नटासाठी मात्र आधी कोणीतरी नाटक लिहावे लागते, कोणीतरी पैसा घालावा लागतो, कोणीतरी "या, हे काम तुमचे" असे म्हणावे लागते, आणि एवढे सारे जुळून आल्यावर समोर माणसेही येऊन बसावी लागतात. तोवर तो नट नव्हेच. तो नुसता बेकार मनुष्य! घरची मंडळी त्याला तसे म्हणतातही.

तेव्हा ज्यांच्या अंगात धमक होती अशा नटांनी दुसऱ्याच्या बोलावण्याची वाट पाहणे सोडून स्वतःच मांड मांडला, यात नवल नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या नावाने लिहितो. पण तो नट-मालकांच्या नावानेही तितकाच सहज लिहिता येईल. या नट-मालकांचे कौतुक आपण पोटभर केले आहे. त्यांची परीक्षा मात्र फारशी केलेली नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर थोडी परीक्षाही पचेल, अशा भरवशाने हा लेख लिहितो आहे.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. नाट्यशास्त्र मला येत नाही. पण वीस वर्षे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवून विंगेत उभ्या राहिलेल्या माणसाला नट बाजूने दिसतो, आणि बाजूने पाहिले की चेहऱ्याला रंग कुठवर लागला आहे आणि मान कुठून कोरी आहे, ते स्पष्ट कळते.

आरंभ केशवराव भोसल्यांपासून करावा. हा मुलगा लहानपणापासून 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत वाढला. 'शारदे'तल्या शारदेच्या कामाने त्याने लोकांना वेड लावले. पण नाव नटाचे आणि घर मालकाचे, ही त्या काळची रीतच होती. 1 जानेवारी 1908 रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, त्याने हुबळीस 'ललितकलादर्श' काढली. आजच्या भाषेत ज्याला बारावीचा विद्यार्थी म्हणायचे, त्याने बिऱ्हाड, स्वयंपाकी, पेटीवाला, तबलजी, पडदे, रेल्वेचे भाडे, हा सारा गाडा अंगावर घेतला. आम्ही त्या वयाच्या मुलाच्या हाती शाळेच्या सहलीची वर्गणीसुद्धा देत नाही!

पण मला केशवरावांचे मोठेपण त्या धाडसात दिसत नाही. मंडळ्या पुष्कळांनी काढल्या आणि पुष्कळांच्या बुडाल्या. मंडळी हाती आल्यावर केशवरावांनी तिचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. जुनी, हमखास टाळीची नाटके करीत राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी नवे लेखक धरले. 1913 साली वीर वामनराव जोश्यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केले आणि त्यात मृणालिनी स्वतः उभी केली. पुढे मामा वरेरकरांसारखा, कोणाचे ऐकून घेण्याचा स्वभाव नसलेला लेखक जवळ केला आणि त्याच्याकडून 'हाच मुलाचा बाप', 'संन्याशाचा संसार' अशी नाटके घेतली. हुंडा, धर्मांतर हे विषय. संगीत नाटकाच्या मालकाला, तेही स्वतः गाणाऱ्या मालकाला, हे विषय कशाला हवे होते? त्यात पदांना जागा कमी, वादाला जास्त. पण ज्याला पुढे जायचे आहे त्याने आपल्याशी वाद घालणारा मनुष्य घरात ठेवावा, हे शहाणपण त्या मुलाला कुठून तरी सुचले होते. 4 ऑक्टोबर 1921 रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने ते गेले. तरी मंडळी बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी आणि त्यांच्यामागे भालचंद्र पेंढारकरांनी ती चालवली, आणि 1957 साली 'दुरितांचे तिमिर जावो' हे बाळ कोल्हटकरांचे नाटक त्याच नावाच्या पाटीखाली रंगले.

आता दुसरे चित्र पाहा. 1913 साली नारायणराव बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे 'किर्लोस्कर' सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. तिघांची गुणांची वाटणी अशी की देवाने मुद्दाम केल्यासारखी! एकाचा गळा आणि लावण्य, दुसऱ्याचा गद्य अभिनय आणि व्यवहार, तिसऱ्याची संगीताची जाण. ही त्रयी टिकती तर काय झाले असते, कोण जाणे. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले. उरले एकटे नारायणराव, आणि त्यांच्या भोवती "वा देवा!" म्हणणारे लोक.

बालगंधर्वांविषयी वाकडा शब्द लिहिताना मराठी माणसाचा हात थरथरतो. माझाही थरथरतो. पण 'द्रौपदी'च्या मयसभेवर पाण्यासारखा पैसा ओतला गेला आणि मंडळी कर्जात रुतली, हे तर सर्वांना ठाऊक आहे. नारायणरावांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेऊन फेडले, हे त्यांच्या माणुसकीला शोभण्यासारखेच झाले. पण मला त्या कर्जापेक्षा दुसरी गोष्ट खुपते. 'एकच प्याला'तली सिंधू ही त्यांची सर्वांत मोठी भूमिका, असे जाणते सांगतात. गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले आणि त्यानंतर महिन्याभरातच बडोद्यास तो प्रयोग झाला. त्या नाटकात लेखकाने नारायणरावांकडून शालू काढून घेतला आणि ठिगळाचे लुगडे दिले. समोर सुधाकराच्या कामाला बोडस होते. म्हणजे एका बाजूने लेखक आडवा आणि दुसऱ्या बाजूने तोलाचा नट उभा, अशा कोंडीत हा नट सर्वांत थोर ठरला. ती कोंडी पुढे कोणी करायचे उरले नाही. भरजरी वस्त्रे, अत्तर, वन्समोअर आणि पुन्हा तेच पद! वय वाढत होते. नायिका मात्र सोळा वर्षांचीच राहिली. लोक ऐकत होते म्हणून त्यांनी केले, असे म्हणता येईल. पण नटाला 'पुरे' असे सांगण्याचे काम लोक कधीच करीत नाहीत. लोक फक्त एके दिवशी येईनासे होतात.

इथे मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. दुसऱ्याच्या मंडळीत असलेल्या नटाला पावलोपावली 'नाही' ऐकावे लागते. हे काम तुझे नाही, हे वाक्य गाळ, हा हात खाली ठेव. त्या 'नाही'ला कंटाळून तो स्वतःचे घर बांधतो. आणि घर बांधून झाल्यावर त्याला कळते, किंवा बहुधा कळतच नाही, की ज्यापासून आपण सुटलो तेच आपल्याला घडवीत होते.

दादा कोंडक्यांचे उदाहरण घ्या. गिरणगावातला हा मुलगा. 'अपना बाजार'मध्ये तुटपुंज्या पगारावर नोकरी, बँड, सेवादलाचे कलापथक, असे करीत करीत 'खणखणपूरचा राजा'पर्यंत आला. नायकाचा चेहरा नाही, नायकाची भाषा नाही. मुंबईच्या कोणत्याही निर्मात्याच्या दारात त्याने जन्मभर उभे राहायचे ठरवले असते तरी गड्याच्या कामाखेरीज काही मिळते ना. त्याने दार ठोठावले ते निर्मात्याचे नव्हे, लेखकाचे. वसंत सबनिसांकडे जाऊन लोकनाट्य मागितले आणि 1965 साली 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले.

ज्यांनी ते पाहिले त्यांना तो हवालदार आठवत असेल. माझ्या पिढीने ते वडिलांच्या तोंडून ऐकले आणि पुढे पुस्तकात वाचले. वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या संहितेत दादांना मोकळे रान आहे खरे; रोजच्या वर्तमानपत्रातला विनोद तिथे रोज नव्याने घालता येई. पण त्या रानाला सबनिसांनी कुंपण फार पक्के घातले आहे. राजा, कोतवाल, मैनावती आणि छपरी पलंग ही वगाची चौकट इतकी रेखीव आहे की हवालदार कितीही उधळला तरी शेवटी गोष्टीच्या दावणीला परत येतो. म्हणूनच दादांच्या शेकडो प्रयोगांनंतरही ते नाटक संपले नाही; 'सैंया भये कोतवाल' या नावाने हिंदीत गेले आणि तिथे दुसऱ्याच नटांनी ते जगवले.

पुढे 1971 साली दादांनी 'सोंगाड्या' काढला. पैसा स्वतःचा, भूमिका स्वतःची, लेखणी अजून सबनिसांची. भाबडा नामदेव आणि रत्नमालाबाईंची ती खमकी आये! त्या चित्रपटातली गंमत आजही शिळी वाटत नाही, कारण नामदेवाला कोणीतरी रागावणारे आहे. मग लागोपाठ चित्रपट आले, रौप्यमहोत्सव झाले, नऊ चित्रपटांचा विक्रम नोंदला गेला. लोकांनी या माणसावर जीव लावला. कामगाराने, शेतकऱ्याने पडद्यावर आपल्यासारखा कोणी पाहिला. हे काही लहानसहान कार्य नव्हे. पांढरपेशा समीक्षकांनी नाके मुरडली म्हणून ते लहान होत नाही. पण नंतर नंतर तीच लोंबती नाडी, तोच भोळसटपणाचा आव, तेच दोन अर्थांचे वाक्य, आणि दुसरा अर्थ दिवसेंदिवस पहिल्याहून पुढे! लेखकही आपण, दिग्दर्शकही आपण, निर्माताही आपण. त्या कंपनीत दादांना "हे वाक्य आज नको" असे म्हणणारा कोण होता? नामदेवाची आये तेवढी पडद्यावर होती.

याच्या उलट प्रभाकर पणशीकर. 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीस अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आले. त्या फिरत्या रंगमंचावर पाच सोंगे आणणारा लखोबा लोखंडे घरोघर पोचला, आणि पणशीकर हे नाव झाले. अशा वेळी नटाला काय वाटते? आता माझ्यासाठी आणखी पाच सोंगांचे नाटक लिहा! 1963 साली त्यांनी 'नाट्यसंपदा' काढली. आणि 1966 साली वसंत कानेटकरांचे 'अश्रूंची झाली फुले' केले, तेव्हा स्वतःकडे प्राचार्य विद्यानंद घेतला आणि लाल्या काशिनाथ घाणेकरांना दिला.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण नाट्यगृहात रोज रात्री काय होत असेल, त्याची कल्पना करा. संस्था पणशीकरांची. कर्ज त्यांच्या नावावर. गाडीचे पेट्रोल त्यांचे. आणि शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या सगळ्या घाणेकरांच्या एका एन्ट्रीला! विद्यानंदाचे काम सरळ माणसाचे, पडत जाणाऱ्या माणसाचे. त्याला टाळी नाही, त्याला शांतता मिळते. मी मास्तर असल्यामुळे असेल, पण मला त्या शांततेची किंमत अधिक वाटते. पुढल्याच वर्षी, डिसेंबर 1967 मध्ये, 'कट्यार काळजात घुसली' आले. त्याच्या मध्यावर खाँसाहेबांच्या रूपाने वसंतराव देशपांडे बसले. तिथे तर मालकाने स्वतःला मध्यावरून पुरतेच उठवले. हे नाटक 2010 साली नव्या नटांनी, नव्या गायकांनी पुन्हा केले आणि 2015 साली त्याचा चित्रपट झाला, तेव्हा लहान मुलेही त्यातली पदे म्हणू लागली. आमच्या शाळेत सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत खाँसाहेबांसारखी भुवई चढवून डबा खात असे.

पणशीकरांना आयुष्यभर लखोबाने सोडले नाही, अडीच हजारांवर प्रयोग त्यांनी केले, हेही खरे. पण लखोबा हा त्यांचा चरितार्थ होता आणि 'नाट्यसंपदा' ही त्यांची हौस होती, असे मला वाटते. बहुतेक नट-मालकांचे नेमके उलटे असते. चरितार्थासाठी दुसऱ्यांची नाटके करतात आणि हौसेखातर स्वतःला मध्यावर बसवतात.

इतका वेळ मंडळ्यांची गोष्ट झाली. पण ज्याच्यापाशी मंडळी काढण्याइतके काहीच नाही, त्याने काय करावे? त्याचे उत्तर आमच्या मराठवाड्याने दिले. लक्ष्मण देशपांडे हे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवीत. एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. 1961 पासून पुलंच्या 'बटाट्याच्या चाळी'ने तो मध्यमवर्गाच्या घरातला करून टाकला होता. पण पुलंची चाळ मुंबईची. देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लिहिले ते आमच्या बोलीत. मी ते शाळकरी वयात, एका मैदानावर, सतरंजीवर बसून पाहिले. एक माईक, एक मनुष्य आणि त्याच्या खांद्यावरचे उपरणे. पन्नासहून अधिक माणसे त्या एका देहातून आली आणि गेली. उपरणे डोक्यावर आले की बाई, कमरेला गेले की म्हातारा. एस.टी.त वऱ्हाड चढते तो प्रसंग चालू असताना माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाई खरोखरच थोड्या सरकून बसल्या, जागा द्यायला!

त्या प्रयोगाचे महत्त्व नटाच्या चलाखीत नाही. मराठवाडी बोलणारा मनुष्य तोवर पुण्यामुंबईच्या नाटकात येई तो बहुधा गडी म्हणून, निरोप सांगून हशा घेऊन जाण्यापुरता. देशपांड्यांनी ते निरोप्याचे काम नाकारले आणि सगळे गावच रंगमंचावर आणले. तिथे शहाणाही तीच बोली बोलतो आणि खुळाही तीच. भांडणारी विहीणही तीच आणि डोळे पुसणारा बापही तीच. कोणी कोणाच्या बोलीला हसायचे, हा प्रश्नच उरत नाही. माझे मत विचाराल तर एस.टी.पासून मुंबईपर्यंतचा भाग अव्वल आहे. विमान लंडनला उतरले की विनोद थोडा सोपा होतो, गावकऱ्यांच्या अडाणीपणावर टेकतो. दुसरा कोणी लेखक असता तर तिथे त्याने कात्री लावली असती. तथापि संहिता भक्कम होती याचा पुरावा हा, की 2009 साली देशपांडे गेल्यानंतर संदीप पाठकांनी तेच वऱ्हाड पुन्हा बाहेर काढले आणि लोकांनी त्यांनाही आपले म्हटले.

सुषमा देशपांड्यांचे 'व्हय, मी सावित्रीबाई' याच वाटेवरचे, पण निराळ्या मुक्कामाला गेलेले. 1989 पासून त्यांनी ते स्वतः लिहून स्वतः केले. नट्यांची अडचण तर नटांहून बिकट. आई, वहिनी, प्रेयसी आणि रडणे, एवढ्यात त्यांचा संसार आटोपतो. पूर्वी तर तेवढेही नव्हते. स्त्रीपार्टी पुरुषच स्त्रिया होत असत, आणि 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाट्यशाखा काढून सुभद्रेचे काम केले तेव्हा तो चर्चेचा विषय झाला होता. सुषमाबाईंनी नाट्यगृहाचीही वाट पाहिली नाही. खेड्यात, वस्तीत, शाळेच्या व्हरांड्यात, जिथे बायका जमतील तिथे सावित्रीबाई उभी केली. या एकपात्रीत 'नाही' म्हणणारे कोण, असे मी माझे मलाच विचारून पाहिले. मला वाटते, स्वतः सावित्रीबाईच. खऱ्या, होऊन गेलेल्या बाईचे बोलणे तोंडात घेतले की नटीला मनाला येईल तसे वागता येत नाही. पुढे ही भूमिका त्यांनी दुसऱ्या मुलींच्या हाती दिली, आणि तीही त्यांच्या अंगाला बसली.

आज हे सारे फार सोपे झाले आहे असे लोक म्हणतात. हातातल्या मोबाइलवर नट स्वतःला टिपतो, स्वतःच कापतो आणि संध्याकाळपर्यंत हजार माणसांना दाखवतो. 2016 च्या आसपास सारंग साठ्ये आणि मंडळींनी 'भाडिपा' काढली, अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी स्वतःच्याच फजितीची मालिका केली. ती मी आवडीने पाहिली. त्यात चारपाच जणांनी एकमेकांची टोपी उडवलेली असते, म्हणून ती ताजी वाटते. पण एकट्याने भिंतीसमोर उभे राहून केलेले जे शेकडो तुकडे येतात, त्यांत मला बहुधा बालगंधर्वांचा अखेरचा काळ दिसतो, फक्त गळा सोडून.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी मुंबईस दोन वर्षे ऑडिशनच्या रांगा लावून गेल्या वर्षी परत आला. त्याने स्वतःसाठी एक एकपात्री लिहिले आणि मला वाचायला दिले. त्यात मुंबईतला एक गुणी नट होता आणि बाकीचे सगळे मूर्ख होते. मी त्याला म्हटले, "बाळ, हे तुला न आवडणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला दे." तो रागावून गेला. दोन महिने रस्त्यात भेटला तरी बोलेना. "सर, वाचता का?" म्हणून पुन्हा आला तेव्हा हातात दुसरेच नाटक होते. दोन पात्रांचे. मार्केट यार्डातला एक मापाडी आणि मुंबईहून पैसे मागायला आलेला त्याचा नट झालेला मुलगा. वडील काटा कधी खोटा मारीत नाहीत, आणि मुलाचे वजन त्याच काट्यावर होते. दोन ठिकाणी मी पेन्सिलीने रेघ मारली. एक त्याने मानली, एक मानली नाही.

पहिला प्रयोग गेल्या उन्हाळ्यात यार्डातल्या लिलावाच्या ओट्यावर झाला. पडदा नव्हताच, त्यामुळे मला काम नव्हते. मी समोर बसून पाहिले. मापाड्याची मोठी भूमिका त्याने स्वतःकडे ठेवलेली नाही. ती आमच्या पोस्टात काम करणाऱ्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना दिली आहे. स्वतःकडे मुलगा घेतला आहे.